डोळ्यांमधलं अंतर बॅगेत भरताना

स्वित्झर्लंडहून परत आलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "फोटोत तेवढं कळत नाही रे, तिथे उभं राहूनच बघायला हवं." आमच्या आत्याने फोनवरचे चारशे फोटो दाखवताना हे निदान वीस वेळा म्हटलं. ल्युसर्नच्या लाकडी पुलाच्या फोटोपाशी म्हटलं, तेव्हा ते अगदी खरं होतं. युंगफ्राऊच्या शिखरापाशी म्हटलं, तेव्हा मात्र तितकंसं नाही. तिथे उभं राहूनही तिच्या डोळ्यांना ते शिखर जवळजवळ सपाटच दिसलं असणार. परदेशी नेण्यासाठी त्रिमिती फोटोंचं सामान निवडायचं असेल, तर आधी हा पूल आणि शिखर यांच्यातला फरक समजून घ्यावा लागतो. मेगापिक्सेलची चौकशी नंतर.

आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोघांना समोरचं दृश्य किंचित वेगवेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू काय जवळ आणि काय लांब याचा, म्हणजे खोलीचा, अंदाज बांधतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, या अंतराची किंमत लगेच कळते. चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्ये हे मांडलं आणि दोन आरशांचं एक उपकरण करून दाखवलं. डावं चित्र डाव्या डोळ्याला आणि उजवं चित्र उजव्या डोळ्याला दाखवलं की कागदावरची चपटी आकृती उठून उभी राहते. फोटोग्राफी जगापुढे आली ती त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे फोटोग्राफी जाहीर होण्याआधीच हे उपकरण, स्टिरिओस्कोप, तयार होतं! १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर हे खूळ घरोघरी पोचलं आणि आल्प्सची दृश्यं जोडचित्रांच्या पुठ्ठ्यांवर विकली जाऊ लागली. विल्यम इंग्लंड नावाचा फोटोग्राफर १८६३ मध्ये याच कामासाठी स्वित्झर्लंडमध्ये फिरला. त्या काळी काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत तिथेच धुवायचा. अंधाऱ्या खोलीची सोयही बरोबर वागवावी लागे. आपली तक्रार सात किलोच्या केबिन बॅगेपुरतीच आहे.

दोन भिंगांमधल्या अंतराला या छंदातली मंडळी 'बेस' म्हणतात. ढोबळ नियम असा, की फ्रेममधली सगळ्यात जवळची वस्तू जितकी लांब असेल त्याच्या तिसाव्या भागाएवढा बेस ठेवायचा. वस्तू दोन मीटरवर असेल तर साडेसहा सेंटीमीटर, म्हणजे नेमकं डोळ्यांएवढं. साठ सेंटीमीटरवरच्या ताटासाठी दोन सेंटीमीटर. समोरचं सगळ्यात जवळचं झाडही तीनशे मीटरवर असेल तर दहा मीटर. हा नियम दगडावरची रेघ नाही. लांबच्या दृश्याला पन्नासावा भागही पुरतो. पण कुठलंही यंत्र घेण्याआधी त्याच्या भिंगांमधलं अंतर विचारायचं आणि तिसाने गुणायचं. ते यंत्र कशासाठी बनलंय ते उत्तरातच असतं.

फोनवर हे करून बघू. आयफोन १५ प्रो आणि त्यानंतरच्या काही फोनमध्ये शेजारशेजारच्या दोन भिंगांनी 'स्पेशल' व्हिडिओ घेता येतो. स्पेशल म्हणजे खास (special) नव्हे, खोली दाखवणारा (spatial). ही भिंगं जेमतेम दोन सेंटीमीटरवर आहेत. गुणाकार केला की साठ सेंटीमीटर येतात. समोरची वितळलेल्या चीजची, फाँड्यूची कढई, फुलं, मांडीवरचं नातवंड, इथवर झकास. पाच-सहा मीटरपलीकडे खोली विरळ होत जाते आणि डोंगर तर पडद्यावर रंगवल्यासारखा दिसतो. जाहिरातीत मात्र डोंगरच असतो.

दुसऱ्या टोकाला फुजीफिल्मचा रिअल थ्रीडी डब्ल्यू३ आहे. २०१० साली आलेला हा छोटेखानी कॅमेरा आता नवा मिळत नाही, वापरलेला शोधावा लागतो. त्याला दोन भिंगं आहेत, बेस साडेसात सेंटीमीटर, वजन पाव किलोच्या आसपास, आणि मागच्या पडद्यावर चष्म्याशिवाय त्रिमिती चित्र दिसतं. फोटो अंधारात दाणेदार येतात, दहा मेगापिक्सेलचं आता कुणाला कौतुक नाही, आणि जुन्या यंत्राची बॅटरी दुपारीच मान टाकते. तरीही प्रवासासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी अजूनही हीच सुचवेन. कारण दोन्ही फोटो एकाच क्षणी निघतात. याचं महत्त्व मला फजितीतून कळलं.

लाउटरब्रुनेनच्या दरीत श्टाउबबाख नावाचा धबधबा आहे, जवळपास तीनशे मीटर उंचीचा. तिथे मी शाळेच्या लाकडी पट्टीवर दोन फोन रबरबँडने बांधून दोन्ही अंगठ्यांनी एकदमच बटणं दाबली होती, असा माझा समज. रात्री हॉटेलात बघतो तर घरं ठाकठीक, पण रस्त्यावरची माणसं भलतीकडे. एक बाई चक्क भिंतीच्या आत गेलेली. हिशोब सोपा आहे. माणूस ताशी पाच किलोमीटरने चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. माझ्या दोन अंगठ्यांत सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली असेल, तर तेवढ्यात ती चौदा सेंटीमीटर सरकली. माझा बेस होता आठ सेंटीमीटर. मेंदूला हालचाल आणि खोली यांतला भेद कळत नाही. तो सगळा फरक खोलीच्या खात्यात जमा करतो, आणि बाई भिंतीत जाते. पाण्याचं तर विचारूच नका. डाव्या डोळ्याला एक तुषार आणि उजव्याला दुसराच दिसला, की मेंदू दोन्हींत हेलपाटे घालतो आणि धबधबा चमचमत राहतो.

दोन सुटे कॅमेरे जोडून हौस भागवणारेही आहेत. कॅननच्या काही जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत 'स्टिरिओ डेटा मेकर' नावाचं फुकट सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरून चालवता येतं. यूएसबीच्या एका तारेने दोन्ही शटर इतकी जवळजवळ उघडतात की चालता माणूस जागच्या जागी राहतो. चित्रही डब्ल्यू३ पेक्षा सरस येतं. पण दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, एक पट्टी, एक स्विच, आणि विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत तारा लोंबणारी ती वस्तू ट्रेमध्ये ठेवून "हा कॅमेरा आहे" असं समजावणं. सहलीच्या बसमध्ये बाकीची मंडळी तुमच्यासाठी थांबलेली असताना हा पसारा जमत नाही. स्टिरिओ रिअलिस्टसारखा १९४७ चा फिल्म कॅमेरा देखणा असतो, पण फिल्म हातात घेऊन वेगळी तपासून घेण्याची विनंती प्रत्येक विमानतळावर करावी लागते. नव्या सीटी स्कॅनरमधून गेली तर ती खराब होते.

आता पुलाकडे. ल्युसर्नचा कापेलब्रुके वरून कौलारू छप्पर असलेला. आत शिरलं की तुळयांच्या त्रिकोणांत बसवलेल्या चित्रफळ्या एकामागून एक, लांबवर. बऱ्याच १९९३ च्या आगीत जळाल्या, त्या जागाही डोळ्यांत भरतात. पहिली फळी दोन-तीन मीटरवर, म्हणजे डोळ्यांएवढ्या बेसचं हे हक्काचं दृश्य. डब्ल्यू३ च्या फोटोत तीन मीटरवरची वस्तू दोन्ही चित्रांत सुमारे नव्वद पिक्सेल सरकलेली असते. मागच्या फळ्या त्याहून कमी कमी सरकतात आणि त्या उतरंडीतून अख्खा पूल घडतो. आत्याला "तेवढं" कळलं होतं ते हेच.

हाच हिशोब डोंगराला लावा. एक किलोमीटरवरच्या कड्यासाठी सरकणं उरतं पाव पिक्सेल. म्हणजे नाहीच. डोळ्यांचंही तसंच, काहीशे मीटरपलीकडे दोन डोळे असून एक असल्यासारखेच. डोंगरापुढे जी छाती दडपते ती उंचीने, धुक्याने, पायाखालच्या दरीने, दोन डोळ्यांतल्या फरकाने नव्हे. म्हणून आल्प्ससाठी कुठलंही तयार यंत्र पुरत नाही, आणि गंमत म्हणजे कुठलंही यंत्र लागतही नाही. साधा फोन घ्यायचा, एक फोटो काढायचा, बाजूला बारा-तेरा पावलं चालायचं, की झाला दहा मीटरचा बेस. तिथून दुसरा काढायचा.

चालताना काही पथ्यं आहेत. फोन शिखराकडे तिरका वळवायचा नाही, दोन्ही वेळा समांतर धरायचा. पडद्यावरची जाळी चालू करून एखादी लांबची खूण दोन्ही फोटोंत त्याच आडव्या रेषेवर ठेवायची, कारण चित्रं वरखाली झाली तर डोकं दुखतं. फोकस आणि उजेड लॉक करायचा. आणि रेंगाळायचं नाही. ढगांची सावली बर्फावरून सरकते आणि दुसऱ्या फोटोत ती पुढे गेलेली असते. कुंपण, विजेचा खांब, जोडीदाराची टोपी, काहीही जवळचं फ्रेममध्ये आलं की दहा मीटरचा बेस त्याचे तुकडे करतो.

हे जमलं की जे दिसतं ते कुठल्याही माणसाने तिथे उभं राहून पाहिलेलं नसतं. आपले डोळे जणू दहा मीटरवर बसवलेले, म्हणजे आपण राक्षस, आणि समोरचा डोंगर अंगणात मांडलेला. कड्याच्या घड्या, बर्फाचे ओघळ, मागची शिखरं, सगळं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. अगदी दिवाळीतल्या किल्ल्यासारखं. मावळे तेवढे मांडायचे बाकी. काहींना हे खेळणं वाटतं आणि आवडत नाही. मला आवडतं.

फोटो घरी आल्यावर जुळवायचं काम मासुजी सुतो या जपानी गृहस्थांचं 'स्टिरिओ फोटो मेकर' करतं. विंडोजवर चालतं, फुकट आहे आणि हातून झालेला थोडाफार तिरपेपणा आपोआप सरळ करतं. पण दाखवणार कशावर, हे निघण्यापूर्वीच ठरवलेलं बरं. डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट असेल तर प्रश्नच नाही. लाल-निळसर चष्मा स्वस्त पडतो, पण रंगांची वाट लावतो. माझी पसंती कागदाला. नेहमीच्या चार बाय सहा इंची प्रिंटवर प्रत्येकी सहा सेंटीमीटर रुंदीची दोन चित्रं शेजारी छापायची आणि दोन भिंगांच्या साध्या दर्शकातून बघायची. हेडसेट डोक्यावर चढवायला साफ नकार देणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही हे चालतं. लहानपणापासून एक डोळा आळशी किंवा तिरळा असलेल्या काहींना यातलं काहीच दिसत नाही. त्यांना आग्रह करू नये.

बाकी बारीकसारीक. जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवायच्या. युंगफ्राऊयोखच्या खिंडीत, ३,४५४ मीटरवर, त्या थंडीने लगेच उतरतात, म्हणून एक आतल्या खिशात अंगाशी धरायची. कॅमेरा महागाचा असेल तर जाताना कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं, म्हणजे परतताना तो तिकडून विकत आणला नाही हे सांगत बसावं लागत नाही.

आणि सीट खिडकीची मागायची, पंखाच्या पुढची किंवा बरीच मागची. विमान ताशी नऊशे किलोमीटरने जात असतं, म्हणजे सेकंदाला अडीचशे मीटर. खालची आल्प्सची शिखरं सात-आठ किलोमीटरवर. तिसावा भाग काढला की अडीचशे मीटर येतात. एका सेकंदाच्या अंतराने दोन फोटो, बस्स. खाली ढगच असतील आणि तेही जवळ, तर फोन बर्स्टवर, म्हणजे भराभर एकामागून एक फोटो काढण्यावर, ठेवून नंतर जोडी निवडायची. इस्रोने २००५ मध्ये सोडलेला कार्टोसॅट-१ उपग्रह हेच करायचा. त्याचा एक कॅमेरा २६ अंश पुढे बघायचा आणि दुसरा ५ अंश मागे, म्हणजे तीच जमीन काही वेळाने दुसऱ्या कोनातून टिपली जाई आणि त्यावरून उंचसखलपणा काढता येई. पंख मात्र फ्रेममध्ये नको. तो आपल्याबरोबरच येतो, दोन्ही फोटोंत एकाच जागी राहतो, आणि मेंदूला तो डोंगरापलीकडे असल्याचा भास होतो.

विमानाच्या डाव्या खिडकीतून बघताना नाक आपल्या उजव्या हाताला असतं, म्हणून पहिला फोटो डाव्या डोळ्याचा. उजव्या खिडकीतून पहिला उजव्या डोळ्याचा. अदलाबदल झाली तर शिखरांच्या जागी खड्डे दिसतात आणि हिमनदी उंच बांधासारखी वर येते. मी पहिल्यांदा तसंच पाहिलं आणि चांगलं पाच मिनिटं स्वित्झर्लंडचा भूगोल नव्याने शिकत बसलो होतो.