युद्धस्मृती आणि शाळेची सहल : पार्श्वभूमी

लंडनचं युद्धसंग्रहालय १९१७ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असतानाच स्थापन झालं आणि १९२० मध्ये लोकांसाठी उघडलं. येणाऱ्या बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी लढून आलेलं किंवा गेलेलं. त्यांना फलक वाचून दाखवायची गरज नव्हती. ती गरज नातवंडा-पतवंडांच्या काळात पडली. त्या महायुद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने २०१४ पासून इंग्लंडमधल्या प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतून दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक सरकारी खर्चाने तिथली जुनी रणभूमी बघायला पाठवायची योजना आली. (अख्ख्या शाळेतून दोनच! निवडणाऱ्या शिक्षकांची कीव येते.)

जपानमध्ये मात्र अख्खी तुकडीच सहलीला निघते. हिरोशिमाचं संग्रहालय १९५५ चं. त्याच्या नावात 'युद्ध' नाही, 'शांतता' आहे, आणि वर्गात या विषयाला म्हणतातही 'शांतता-शिक्षण'. शब्द सोज्वळ आहे, पण युद्ध सुरू कुणी केलं हा प्रश्न त्याच्या आड सहज झाकला जातो.

खरा वाद पेटला तो पुतळ्यांवरून. भाजलेल्या हातांची कातडी लोंबतेय, अशा अवस्थेत ढिगाऱ्यातून चालणारी तीन माणसं तिथे उभी होती. सहलीला येऊन गेलेल्या कित्येकांना बाकी काही आठवलं नाही तरी ते पुतळे आठवत. ते काढण्याचा बेत २०१३ मध्ये जाहीर झाला तेव्हा विरोध झाला : मुलांना भीती वाटते म्हणून इतिहास गुळगुळीत करताय का? संग्रहालयाकडून उत्तर आलं की भीतीचा प्रश्नच नाही, खऱ्या वस्तूच समोर ठेवायच्या आहेत. अणुबॉम्बचा हल्ला प्रत्यक्ष पाहिलेल्यांपैकी काहींची तक्रार तर उलटीच होती, की पुतळे फारच सौम्य आहेत. २०१७ मध्ये ते हलवले आणि २०१९ मध्ये दालन नव्याने उघडलं.

निर्णय योग्यच होता. तिथे एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. तिच्यावर खेळताना भाजून गेलेल्या तीन वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी ती त्याच्यासोबत अंगणात पुरली आणि चाळीस वर्षांनी उकरून संग्रहालयाला दिली. पण पुतळा नुसता बघून कळतो. सायकलीपाशी कुणी गोष्ट सांगितली नाही, तर ते भंगारच. सांगणारे, म्हणजे त्या हल्ल्यातून बचावलेले लोक वयाने थकत गेले, म्हणून शहराने २०१२ पासून इतरांना त्यांच्या आठवणी ऐकून पुढे सांगायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला ते सुमारे तीन वर्षं चालायचं.