मग ती मागे गेलीच कशाला?

गेल्या रविवारी नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन पणजीला सिनेमाला गेलो. कालप्रवासाची ॲनिमेशन गोष्ट होती, सगळ्या घराने मिळून बघावी अशी. चित्रं देखणी होती, तरी मध्यंतरानंतर ती चुळबुळ करायला लागली. नायिका भूतकाळात जाते, आजोबांच्या दुकानाला लागणारी आग टाळते, परत येते आणि सगळे नाचतात. बाहेर पडताना भाची म्हणाली, "मामा, आग लागलीच नाही, तर ती मागे गेलीच कशाला?"

दीड तासात सिनेमाने या प्रश्नाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. कारण मोठमोठे शास्त्रज्ञ नेमके इथेच थबकले आहेत. १९४९ मध्ये गणितज्ञ कुर्ट ग्योडेल यांनी आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं सोडवून एक फिरतं विश्व मांडलं. त्यात प्रवासी पुढे पुढे जात स्वतःच्याच भूतकाळात पोचू शकतो. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही, पण गणित त्याला मनाई करत नाही. रशियाचे इगोर नोविकोव म्हणाले, मागे गेलात तरी घडून गेलेलं बदलता येणार नाही. तुम्ही तिथे जे कराल ते इतिहासात आधीच धरलेलं असेल. म्हणजे नायिकेने कितीही धावपळ केली तरी आग लागणारच, कदाचित तिच्याच धक्क्याने कंदील पडून. या गोष्टीने मुलांना किती खिळवून ठेवलं असतं! स्टीफन हॉकिंग यांना तर वाटे की निसर्ग असा मागचा रस्ता तयारच होऊ देत नसावा. त्यांनी २००९ मध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रण मेजवानी झाल्यावर जाहीर केलं. कोणी आलं नव्हतं.

पुढच्या काळात जाणं मात्र खरंच घडतं. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये सांगितलं. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवून ते तपासलं. अंतराळात एकूण ८०३ दिवस राहिलेले सर्गेई क्रिकालेव जमिनीवरच्या माणसांपेक्षा सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागाने तरुण राहिले. एवढाच काय तो प्रवास, पण खरा.

फोंड्याला परतताना गाडीत मोबाइलचा नकाशा चालू होता. तो दाखवून तिला म्हटलं, "हे बघ, यातही तोच हिशेब आहे." जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) मागे पडतात, आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. म्हणजे दिवसाकाठी ३८ मायक्रोसेकंद पुढे. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटरांहून जास्त जातो. ही दुरुस्ती केली नाही तर बाणस्तारीच्या पुलावर असलेली आमची गाडी नकाशात भलतीकडेच दिसू लागेल.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो म्यूऑन नावाचा सूक्ष्म कण. अवकाशातून येणारे किरण साधारण १५ किलोमीटर उंचीवर हवेला धडकले की हे कण जन्मतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी तेवढ्यात ६६० मीटर, म्हणजे बहुतेकांनी वाटेतच संपायला हवं. तरी ते आपल्यापर्यंत पोचतात, कारण त्या वेगात त्यांचा काळ आपल्या हिशेबाने हळू सरतो. आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. घराच्या छपरातून, गाडीच्या टपातूनही.

"आत्तासुद्धा?"

"आत्तासुद्धा."

मार्दोळ येईपर्यंत ती मांडीवर हात पसरून मोजत होती.