गुडघा आत कोलमडतो तेव्हा

2023 च्या महिला फुटबॉल विश्वचषकात जर्मनीने मोरोक्कोचा 6-0 असा धुव्वा उडवला. पण बाद फेरीत गेल्या त्या मोरोक्कोच्या मुली. जर्मनी गटातच गारद झाली. 2019 साली थायलंडने अमेरिकेकडून 13 गोल खाल्ले होते. आता असे एकतर्फी निकाल कमी होत चाललेत. 2025 च्या जुलैत थायलंडला 2-1 ने हरवून आपल्या मुली आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

ग्वाल्हेरला लष्करातल्या मराठी घरांतही मुलगी फुटबॉल खेळते म्हटल्यावर आता कुणी फारसं दचकत नाही. काकूंची शंका तेवढी उरते: “गुडघा गेला म्हणजे गं?”

शंका रास्त आहे. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा, जेमतेम 3 सेंटीमीटर लांबीचा एक अस्थिबंध असतो. खेळाडूंच्या तोंडी तो ‘एसीएल’. फुटबॉलमध्ये तो तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दोन ते तीन पट. इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन याच दुखापतीमुळे 2023 च्या विश्वचषकाला मुकली.

गंमत म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. चेंडू अडवायला मुलगी झटकन दिशा बदलते, किंवा हेडर मारून एका पायावर उतरते. गुडघा जवळजवळ सरळ, सगळा भार त्याच पायावर, आणि तो आतल्या बाजूला कोलमडतो. पाय टेकल्यापासून 40-50 मिलिसेकंदांत सगळा खेळ आटोपतो. डोळ्यांनी पाहून स्नायू सावरायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून बाहेरून “सांभाळ!” ओरडून काही होत नाही. पाय हवेत असतानाच मांडीचे मागचे स्नायू आवळलेले हवेत, आणि ते सवयीनेच होतं.

मुलींनाच जास्त का? ओटीपोटाची ठेवण, अस्थिबंधाची जाडी, संप्रेरकं अशी कारणं सांगतात. संप्रेरकांबद्दल अजून एकमत नाही. पण सगळं खापर शरीरावर फोडणं मला पटत नाही. मुलगे पाचव्या वर्षापासून गल्लीत उड्या मारतात, मुली बाराव्या-तेराव्या वर्षी मैदानात येतात, वजनं उचलायला तर त्यांना कुणी सांगतच नाही. बुटांचंही बहुतेक वेळा तेच: साचा पुरुषांच्या पावलाचा, मुलींसाठी फक्त नंबर लहान.

उपाय मात्र स्वस्त आहे. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या 1892 मुलींवर झालेल्या चाचणीत ‘इलेव्हन प्लस’ हा 20 मिनिटांचा सराव करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने घटल्या. 2008 साली हे निष्कर्ष छापून आले. त्यातला एक व्यायाम असा: गुडघ्यांवर उभं राहायचं, मैत्रिणीने मागून घोटे दाबून धरायचे, आणि कंबर न वाकवता हळूहळू पुढे झुकायचं. मांडीची मागची बाजू थरथरायला लागते. नेमके तेच स्नायू नडगीला पुढे सरकू देत नाहीत. मग एका पायावर उड्या, उतरताना गुडघा पंजाच्या रेषेत ठेवून.

“मैदान मिळतं तासभर, त्यात 20 मिनिटं कुठून काढू?” असं प्रशिक्षक म्हणतात. यातल्या बऱ्याच व्यायामांना चेंडू लागत नाही. आधीची बॅच मैदान सोडेपर्यंत कडेलाच उरकता येतात. शिवाय 1957 पासून शारीरिक शिक्षण शिकवणारी लक्ष्मीबाई संस्था इथे ग्वाल्हेरलाच आहे. शाळांनी आपले क्रीडाशिक्षक तिथे दोन दिवस पाठवायला काय हरकत आहे?