पांढऱ्या थराची जाडी

अमेरिकेतील बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात जेमतेम साडेचार सेंटिमीटर रुंदीचे एक कोरीव रत्न आहे. क्युपिड आणि सायकी या ग्रीको-रोमन पुराणकथेतील जोडप्याची लग्नाची मिरवणूक त्यावर कोरलेली असून, ट्रायफॉन नावाच्या कारागिराने त्यावर आपली सही केली आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील या रत्नात गडद तपकिरी पृष्ठभागावर शुभ्र आकृत्या उठून दिसतात. मात्र त्यासाठी कुठेही रंग चढवलेला नाही की दोन दगड जोडलेले नाहीत.

अशा उठावदार कामाला कॅमिओ म्हणतात, आणि त्याचे सारे रहस्य दगडाच्या जन्मात आहे. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. सिलिका विरघळलेले पाणी त्यांत झिरपत राहिले, की सूक्ष्म तंतुमय स्फटिकांचे थर एकावर एक साचतात. लोहाच्या ऑक्साइडांमुळे काही थर तांबूस-तपकिरी होतात, तर काही पांढरेच राहतात. हाच अकीक, ऑनिक्स आणि सार्डोनिक्स यांचा गोतावळा.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही असे खडे विपुल सापडतात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदरात ऑनिक्स दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांतून येत असल्याची नोंद आहे. साड्यांच्याही आधी पैठणची ख्याती दगडांसाठी सातासमुद्रापार गेली होती, असे म्हणायला हरकत नाही.

खनिजांची कठिणता १ ते १० अंकांत सांगणाऱ्या मोह्झच्या मापनश्रेणीत हा दगड ६.५ ते ७ भरतो, त्यामुळे साध्या लोखंडी छिन्नीचे त्यापुढे काही चालत नाही. म्हणून कारागीर तेलात कालवलेली कुरुविंदाची (कोरंडम या अतिकठीण खनिजाची) पूड वापरत. कुरुविंदाची कठिणता ९. फिरत्या धातूच्या टोकाला चिकटलेले तिचे कणच दगड झिजवत, अवजार केवळ त्यांना फिरवण्यापुरते. पांढरा थर जाड ठेवला तर तो दुधासारखा दिसतो आणि पातळ केला तर खालचा तपकिरी रंग झळकून आपोआप सावली पडते, त्यामुळे गालाचा उठाव किंवा वस्त्राची तलमता ही मिलिमीटरच्या अंशांत ठरत असे. हात किंचित जड पडला की आकृतीला भोक पडून खालचा थर उघडा होई, आणि ती चूक बुजवता येत नसे.

एकोणिसाव्या शतकात इटलीत शंखावर कोरलेल्या कॅमिओंची चलती झाली. शंख मुळात कॅल्शियम कार्बोनेटचा आणि मऊ असल्याने तो हातातल्या पोलादी सळईने खरवडता येतो. त्यामुळे जुन्या दागिन्याकडे भिंगातून पाहिले, तर दगडावर फिरत्या अवजाराच्या गोलसर खाचा दिसतात आणि शंखावर खरवडल्याच्या रेघा.