क्रीपिंग फ्लॉक्स

क्रीपिंग फ्लॉक्स : (मॉस फ्लॉक्स, मॉस पिंक, शास्त्रीय नाव फ्लॉक्स सब्युलाटा, कुल पॉलेमोनिएसी). जमिनीला चिकटून दाट पसरणारी, बहुवर्षायू, सदाहरित, लहान झुडपासारखी वनस्पती. उंची 10 ते 15 सेंमी., पसारा 60 सेंमी.पर्यंत. पाने बारीक, टोकदार व सुईसारखी असतात. एप्रिल-मे महिन्यांत गुलाबी, जांभळी, निळसर किंवा पांढरी फुले इतकी गच्च येतात की पाने जवळजवळ झाकली जातात. फुलाला पाच पाकळ्या असून प्रत्येकीच्या टोकाला खाच असते.

वनस्पती मूळची अमेरिकेच्या पूर्व भागातली. ती तिथे कसल्या जागी उगवते हे पाहिले तर घरच्या निगराणीचे निम्मे उत्तर मिळते. खडकाळ उतार, वाळूची जमीन, उघडी माळराने हे तिचे घर. पेनसिल्व्हेनियात सर्पेंटाइन खडकावरची ओसाड राने आहेत. तिथली माती पातळ, अन्नद्रव्यांना पारखी आणि निकेल-क्रोमियमसारख्या धातूंनी भरलेली असते, मोठी झाडे तिथे धड वाढत नाहीत. अशा जागीही हा फ्लॉक्स वसंतात फुलतो. फिलाडेल्फियाचे वनस्पतिसंग्राहक जॉन बार्ट्रम यांनी 1745 मध्ये तो लंडनचे बागप्रेमी व्यापारी पीटर कॉलिन्सन यांच्याकडे पाठवला आणि तिथून तो युरोपच्या बागांत गेला. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 मध्ये त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले.

थंड प्रदेशातल्या लागवडीसाठी दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीत रोप मरत नाही, पण विरळ होते आणि फुले तुरळक येतात. त्याहून महत्त्वाचा असतो पाण्याचा निचरा. चिकण मातीच्या सपाट वाफ्यापेक्षा उतार, दगडी बांधाची कड किंवा पायऱ्यांच्या बाजूची जागा केव्हाही चांगली. सपाट जागाच असेल तर माती थोडी उंच करून तिच्यात जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळावी. वसंताच्या सुरुवातीला किंवा शरदात, जमीन गोठायच्या बऱ्याच आधी, दोन रोपांत 45 ते 60 सेंमी. अंतर ठेवून लावावे. पहिल्या वर्षी ही मोकळी जागा डोळ्यांना खटकते आणि रोपे जवळजवळ लावण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

लावण्याआधी एक काम मात्र कसून करायला हवे, ते म्हणजे तण काढणे. गवताच्या मुळ्या जमिनीत राहिल्या तर पुढच्या वर्षी ते गवत फ्लॉक्सच्या जाळीतून वर येते. मग ते उपटताना फ्लॉक्सही हातात येतो, आणि तणनाशक मारले तर दोन्ही जातात. या वनस्पतीचे खरे दुखणे कीड नव्हे, हे गवतच आहे.

पहिल्या हंगामात मुळे धरेपर्यंत आठवड्यातून एकदा खोल पाणी द्यावे. त्यानंतर लांबलेल्या कोरड्या काळाखेरीज पाण्याची फारशी गरज पडत नाही. खताचेही तसेच. वसंतात थोडे कंपोस्ट पुरते. नत्र जास्त झाले की पाला मऊ आणि लुसलुशीत वाढतो व फुले घटतात. सालींचे आच्छादन खोडाशी ओले राहून कूज आणते, त्याऐवजी बारीक खडी पसरावी. उष्ण, कोरड्या हवेत लाल कोळी लागतो. पाने निस्तेज, पिवळट ठिपक्यांची दिसू लागली की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती धुवावीत.

फुलोरा संपला की लगेच रोप एक तृतीयांश ते निम्मे छाटावे. त्यामुळे नवे फुटवे येतात आणि जाळी दाट होते. हेच काम शरदात केले तर वसंतात फुलणारे शेंडेच कापले जातात. तीन-चार वर्षांनी रोपाचा मध्यभाग तपकिरी पडून उघडा होतो. तेव्हा रोप खणून कडेचे जोमदार तुकडे वेगळे लावावेत. जमिनीला टेकलेल्या फांदीवर माती टाकून दाब कलमही सहज होते. नावाजलेल्या जाती, उदाहरणार्थ निळसर ‘एमराल्ड ब्लू’ किंवा पांढऱ्यावर गुलाबी पट्ट्यांची ‘कँडी स्ट्राइप’, अशाच वाढवतात, कारण बियांपासून तोच रंग येईल याची खात्री नसते. रंगीबेरंगी छायाचित्र लावून विकली जाणारी बियांची पाकिटे म्हणून सावधपणे घ्यावीत.

रोपवाटिकांत याच नावाने फ्लॉक्स स्टोलोनिफेरा ही वेगळी जातीही मिळते. तिची पाने रुंद व गोलसर. ती अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या जंगलांतली असल्याने तिला विरळ सावली, ओलावा व आम्लधर्मी माती लागते. म्हणजे सब्युलाटाच्या नेमके उलट. विकत घेताना पाने पाहावीत.

जपानमध्ये ही वनस्पती शिबाझाकुरा म्हणून लोकप्रिय आहे. साइतामा प्रांतातील चिचिबू शहराच्या हित्सुजियामा उद्यानात आणि होक्काइडोतील ताकिनोउए येथे टेकड्याच्या टेकड्या तिने झाकलेल्या असतात. चिचिबूला एप्रिलच्या मध्यावर बहर सुरू होतो, तर थंड होक्काइडोत मे महिन्यात. मराठी वर्तमानपत्रे दर एप्रिलला ‘पिंक मून’ची बातमी देतात, ते पौर्णिमेचे अमेरिकी नाव याच फुलावरून पडले आहे. बहुतेक वर्षी ती हनुमान जयंतीची पौर्णिमा असते. चंद्र मात्र गुलाबी दिसत नाही.

थंडीची विश्रांती ही या वनस्पतीची गरज आहे. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरासमोरच्या उतारावर ती वर्षानुवर्षे टिकते, पण पुण्या-नागपूरचा उन्हाळा आणि कोकणातला पावसाळा तिला झेपत नाही. महाराष्ट्रातल्या बागांत हिवाळ्यात दिसतो तो फ्लॉक्स ड्रमंडाय, टेक्सासमधला वर्षायू भाऊबंद. त्याचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि उन्हाळा लागला की रोपे संपतात. उन्हात जमीन झाकणारी फुले हवी असतील तर आपल्याकडे चिनी गुलाब, म्हणजेच ऑफिस टाइम, लावावा.