डिबगरला दिसणारी रजिस्टरं आणि 'ऑरिग-आरएएक्स'चा गुंता

डिबगरमध्ये (दुसरा प्रोग्राम थांबवून तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये) रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरमधल्या किमती ठेवायच्या छोट्या जागा, छापली की आपण थेट प्रोसेसरच्या आत डोकावतोय असं वाटतं. पण प्रोग्राम थांबतो तेव्हा कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) या किमती आपल्या मेमरीत उतरवून ठेवलेल्या असतात आणि प्रोसेसर दुसऱ्या कामाला लागलेला असतो. डिबगर वाचतो ती ही प्रत आणि लिहितो तेही तिच्यावरच. प्रोग्राम पुन्हा सुरू होताना ती प्रोसेसरमध्ये भरली जाते.

युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) डिबगरसाठी पीट्रेस हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे करायची मागणी, होता. प्रत्येक प्रोसेसचा 'यूजर' नावाचा भाग त्यातून एकेक शब्द (मेमरीचा ठरावीक लांबीचा तुकडा) करून वाचता येई. लिहिण्याची मुभा मोजक्याच जागांना. लिनक्समध्ये तसा भाग नाही, नाव मात्र राहिलं. ६४-बिट एक्स८६ प्रोसेसरवर या काल्पनिक रचनेच्या रजिस्टरांच्या भागात ८ बाइटच्या २७ किमती आहेत, आरआयपी (पुढची सूचना मेमरीत कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) १२८व्या बाइटपासून.

त्यातली एक किंमत प्रोसेसरमध्ये नसतेच: ऑरिग-आरएएक्स. आरएएक्स या रजिस्टरमध्ये सिस्टिम कॉलचा क्रमांक जातो आणि उत्तरही तिथेच येतं, म्हणून मूळ क्रमांक कर्नल वेगळा जपतो. इथवर ठीक. आता समजा प्रोग्राम टर्मिनलवरून वाचण्यासाठी ताटकळलाय. तुम्ही कंट्रोल-सी दाबून तो थांबवला. आरएएक्समध्ये उणे ५१२ दिसतं, म्हणजे 'कॉल अर्धवट राहिलाय, पुन्हा करायचाय'. अशा वेळी डिबगरमधून त्या प्रोग्रामचंच एखादं फंक्शन चालवायचं ठरवलं, तर डिबगर आरआयपी त्या फंक्शनवर नेतो. कर्नलला हे कळत नाही. सिस्टिम कॉलची सूचना २ बाइटची, म्हणून ती पुन्हा चालवायला तो आरआयपीतून २ वजा करतो आणि फंक्शन स्वतःच्या सुरुवातीच्या दोन बाइट आधीच, भलत्याच सूचनेच्या मधोमध सुरू होतं. यावर उपाय म्हणजे ऑरिग-आरएएक्समध्ये उणे १ लिहायचं: 'आपण कॉलमध्ये नाही'. फंक्शन संपल्यावर जुन्या किमती परत ठेवल्या की वाचन पुन्हा सुरू होतं.

माझ्या मते हा निर्णय चुकला. कर्नलची आतली नोंद रजिस्टरांच्या पंक्तीत बसवली आणि प्रत्येक डिबगर लिहिणाऱ्याला ती कळायलाच हवी, असं ओझं लादलं. ज्याला ठाऊक नाही तो दोन बाइटच्या घसरणीमागे दिवसच्या दिवस घालवतो.

पुढे व्हेक्टर रजिस्टरं (एकाच वेळी अनेक आकडे धरणारी) रुंदावत गेली आणि ठरावीक आकाराच्या रचना अपुऱ्या पडल्या. २०१० साली लिनक्स २.६.३४मध्ये पीट्रेसला 'गेट-रेगसेट' आलं: कोणता संच हवा ते सांगा, किती जागा आहे ते सांगा. ६४-बिट आर्मवर तर सुरुवातीपासून हीच वाट आहे. आणि तिथला कर्नल प्रोग्राम थांबण्याआधीच पीसी (आरआयपीचं काम करणारं तिथलं रजिस्टर) मागे घेऊन ठेवतो, म्हणजे डिबगरला बदललेला पीसीच दिसतो. डिबगरने तो हलवला, तर कर्नल त्याला हात लावत नाही.