ट्रायम्फ स्पिटफायरच्या मागच्या सस्पेन्शनचं अपग्रेड

ट्रायम्फ स्पिटफायर ही १९६२ ते १९८० या काळात बनलेली ब्रिटिश दोन सीटर ओपन स्पोर्ट्स कार, आणि तिच्या मागच्या सस्पेन्शनचं अपग्रेड म्हणजे पाटा (एकावर एक लोखंडी पट्ट्या रचलेली स्प्रिंग), बुश (सांध्यातले रबरी तुकडे), शॉकअप (हादरे जिरवणारा दांडा) वगैरे बदलून ती वळणावर भरवशाची करणं. मूळ दुखणं एकच, स्विंग एक्सल, म्हणजे झुलणारा मागचा आस.

वरून इटालियन डिझायनर मिकेलोत्तीचं देखणं डिझाइन असलं तरी खाली चासीचा आराखडा ट्रायम्फच्याच १९५९ च्या हेराल्ड गाडीवरूनच आलेला. डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) चासीला बोल्ट केलेलं, त्याच्या डोक्यावर आडवा पाटा, पाट्याच्या दोन टोकांना दोन चाकं. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या हाफशाफ्टला जॉइंट फक्त आतल्या बाजूला, त्यामुळे चाक सरळ वरखाली न होता कमानीत फिरतं आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतबाहेर झुकाव, सारखा बदलतो. जोरात वळताना मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं, टायरची पकड जाते आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते. सरळ रस्त्यावर यातलं काहीच जाणवत नाही हीच तर गोची.

कंपनीने १९७० च्या मार्क ४ मध्ये यावर स्वस्तातला पण हुशार उपाय काढला, पाट्यातल्या सगळ्या पट्ट्या मध्यभागी आवळून न टाकता बहुतेक पट्ट्यांना डोलायची मोकळीक दिली, यालाच स्विंग स्प्रिंग म्हणतात. पुढे १९७३ मध्ये हाफशाफ्टही लांब केले. जुन्या गाडीत हा नवा पाटा बसवणं हे सगळ्यात लोकप्रिय अपग्रेड, पण नुसता पाटा टाकून भागत नाही, कारण त्याने मागची बाजू झुकायला मऊ होते, मग पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी सळई) जाड घालावा लागतो. बरेच जण नेमकं हेच विसरतात आणि मग गाडी डोलते म्हणून पाट्याला शिव्या घालतात.

दुसरा मार्ग म्हणजे पाटा आणि डिफरन्शियलच्या मध्ये ब्लॉक घालून मागची बाजू खाली आणणं, म्हणजे चाकं उभ्या गाडीतच वरून थोडी आत झुकलेली राहतात आणि दुमडायला वाव कमी मिळतो. अती केलं तर टायर आतल्या कडेने झिजतात. महागडा मार्ग स्पिटफायरच्याच बंद छताच्या भावंडाचा, जीटी६ मार्क २ चा (१९६८), खाली विशबोन (चाक धरून ठेवणारा दुबेळका हात) आणि शाफ्टवर रोटोफ्लेक्स नावाचं रबरी कपलिंग. चालायला मस्त, पण ते रबर फाटतं, म्हणून हल्ली लोक त्याजागी सीव्ही जॉइंटवाले (कोनातही एकसारखे फिरणाऱ्या सांध्याचे) शाफ्ट घालतात. गंमत म्हणजे १९७३ मध्ये जीटी६ ने स्वतःच रोटोफ्लेक्स सोडून स्विंग स्प्रिंग घेतली!

प्रत्यक्ष कामात घाम काढतो तो पाट्याच्या टोकाचा बोल्ट. बुशच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात, नट निघतो पण बोल्ट ढिम्म, तेल ओता, गरम करा, हातोडा मारा, शेवटी फटीत करवतीचं पातं घालून कापावाच लागतो. नवा घालताना ग्रीस लावायचं. आणि रबरी बुश असतील तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच करायचं, लटकत्या चाकावर आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर जातं. शॉकअप काढायच्या आधी चाकाखाली जॅक द्यायचा, कारण चाक खाली किती लटकेल ते शॉकअपच अडवून धरतो. रेडियस आर्म (चाकाला पुढेमागे सरकू न देणारा दांडा) बॉडीला जिथे जोडलेला असतो तिथला पत्रा हमखास कुजतो, तो सडका असेल तर पॉलियुरेथेनचे महागडे बुश घालून उपयोग शून्य.

आपल्याकडे याच घराण्यातली स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला बनायची, जुन्या लोकांना आठवत असेल. तिचा आडवा पाटा आपल्या रस्त्यांपुढे टिकेना, तेव्हा १९७२ मध्ये आलेल्या गझेलमध्ये कंपनीने सरळ अखंड एक्सल आणि दोन बाजूंना गाडीच्या लांबीत बसणारे साधे पाटे बसवून टाकले.